खोडलेल्या ओळींतील माणसे

रवींद्रनाथ ठाकुरांच्या चित्रकलेचा उगम त्यांच्या हस्तलिखितांतील खाडाखोडीत आहे, ही गोष्ट आजवर इतक्या वेळा सांगून झाली आहे की, तिच्यातील नवल जवळजवळ ओसरले आहे. साठीच्या उंबरठ्यापलीकडे गेलेला एक कवी कविता दुरुस्त करता करता चित्रकार होतो आणि त्यानंतरच्या दहाबारा वर्षांत दोन हजारांहून अधिक चित्रे काढून ठेवतो, ही हकीकत चरित्रकाराला मोहात पाडणारी आहे; आणि चरित्रकाराला जे मोहात पाडते ते समीक्षेत बहुधा प्रश्न म्हणून शिल्लक राहत नाही. परंतु जो मनुष्य या चित्रांचा संग्रह करतो, त्यांची सूची करतो, त्यांना पेटीत किंवा चौकटीत जागा देतो, त्याच्यापुढे हीच हकीकत एक अवघड प्रश्न होऊन उभी राहते. शाईच्या रेघोट्यांतून ज्या कागदावर ही अर्धवट माणसे प्रथम उमटली, तो कागद चित्र म्हणून जपावयाचा, की हस्तलिखित म्हणून? हा प्रश्न केवळ ग्रंथपालाच्या सोयीचा आहे असे वरवर वाटेल. वस्तुतः या आकृती कशा पाहाव्यात, याचाच निर्णय त्या उत्तरात दडलेला असतो.

'पूरबी'च्या हस्तलिखिताचे उदाहरण घेऊ. १९२४ साली पेरूला जाण्यासाठी निघालेले रवींद्रनाथ आजारी पडून अर्जेंटिनात थांबले आणि ब्वेनोस आयरेसजवळच्या सान इसिद्रो येथे व्हिक्टोरिया ओकाम्पो यांच्या पाहुणचारात त्यांनी काही आठवडे काढले. बोटीवर आणि तेथे लिहिलेल्या कविता ज्या वहीत होत्या, त्या वहीतील खाडाखोडीने ओकाम्पोंचे लक्ष वेधून घेतले. खोडलेला शब्द नुसता आडव्या रेघेने मारलेला नाही. तो शाईने भरून काढला आहे, त्याला एक कड दिली आहे, ती कड खालच्या ओळीतील दुसऱ्या खोडलेल्या शब्दाला नेऊन जोडली आहे, आणि या जोडणीतून एखादी चोच, एखादा जबडा, एखादा वाकलेला पाठकणा तयार झाला आहे. पुढे मे १९३० मध्ये पॅरिसच्या गॅलरी पिगालमध्ये रवींद्रनाथांचे पहिले चित्रप्रदर्शन भरले, त्याची खटपट याच ओकाम्पोंनी केली. 'पूरबी' १९२५ मध्ये छापून निघाली, ती अर्थातच स्वच्छ अक्षरांत. छापखान्याला खोडलेल्या शब्दाशी कर्तव्य नसते. त्यामुळे बंगाली वाचकाला कविता मिळाली आणि पाच वर्षांनी पॅरिसच्या प्रेक्षकाला चित्रे मिळाली. ती दोन्ही ज्या एका पानावर नांदत होती ते पान मात्र दोघांपासूनही दूरच राहिले.

हे प्रकरण १९२४ सालीच सुरू झाले असे समजण्याचे कारण नाही. 'खेया'च्या काळातील, म्हणजे १९०५ च्या सुमाराच्या हस्तलिखितांत खोडलेल्या मजकुराला आकार देण्याची सवय दिसते, आणि 'रक्तकरबी' या नाटकाच्या खर्ड्यांत ती बरीच धीट झालेली आहे. परंतु सवय आणि शोध यांत अंतर असते. 'पूरबी'च्या पानांवर सवयीचा शोध झाला.

आपल्याकडील पोथ्या लिहिणाऱ्यांची रीत यासंदर्भात आठवल्यावाचून राहत नाही. चुकलेल्या अक्षरावर ते हरताळाचा पिवळा लेप देत. पोथीचा कागदही पुष्कळदा त्याच रंगाचा असल्यामुळे चूक कागदात विरून जाई आणि तिच्यावर नवे अक्षर चढे. 'हरताळ फासणे' हा मराठीतील वाक्प्रचार या लेखनिकांच्या दौतीतूनच आलेला आहे. चूक झाकावी, ती कधी घडलीच नव्हती असे पान दिसावे, हा त्यामागचा विनय. रवींद्रनाथांची लेखणी नेमकी याच्या उलट वागते. ती चुकीला लपवीत नाही, तिला अंग देते. खोडलेले शब्द पानावर निराधार पडलेले पाहून त्यांना कोणत्या तरी लयीत ओवून सोडवावे असे आपल्याला वाटे, अशा अर्थाचे त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. हे म्हणणे कवीचे कौतुक म्हणून सोडून देण्याजोगे नाही. कारण या चित्रांचा सगळा आकृतिबंध त्यातून उलगडू शकतो.

तो असा. लिपी आडवी धावते. बंगाली अक्षरे, देवनागरीप्रमाणेच, शिरोरेषेला टांगलेली असतात. (मोडी लिहिणारा कारकून तर आधी पानभर आडवी रेघ ओढून घेई आणि मग अक्षरे तिला लटकावी.) अशा लिपीतील एखादा शब्द किंवा अर्धी ओळ काळी केली की जी पट्टी तयार होते ती लांबट, जमिनीला समांतर आणि वरच्या बाजूस सपाट असते. या पट्टीला शेपूट, चोच किंवा पाय फुटणे सोपे आहे. तिचा सर्प होतो, मगर होते, मान लांबविलेला पक्षी होतो. माणूस होणे मात्र कठीण. माणूस उभा असतो. त्याला पानावर आणावयाचे तर लेखणीला लिहिण्याची दिशा सोडून काटकोनात वळावे लागते. तीनचार ओळींतील खोडलेल्या जागा वरून खाली शिवत आणाव्या लागतात आणि त्या जाता जाता मधल्या जिवंत, न खोडलेल्या शब्दांना वळसा घालावा लागतो. या हस्तलिखितांत प्राणी आणि पक्षी उदंड, आणि मनुष्याकृती त्या मानाने विरळ, याचे कारण मनाच्या खोल तळाशी शोधण्यापूर्वी पानाच्या रचनेत शोधावे, हे बरे. जी मनुष्याकृती येथे येते ती कविता वाचविण्याच्या अटीवर येते. जेथे चांगला शब्द टिकला आहे तेथे तिला पोट नाही. जेथे दोन कडवी सोडून मोकळी जागा राहिली आहे तेथे तिची मान अकारण लांबते. समास संपतो तेथे तिचे हात संपतात. तिचे अमूर्तन हे शैलीचे आधी ठरवलेले धोरण नसून, छंदाच्या बंधनातून जशी शब्दांची निवड अनपेक्षित वळण घेते तसे पानाच्या बंधनातून आलेले वळण आहे.

या दृष्टीने पाहिले म्हणजे या चित्रांविषयीचे एक फार प्रचलित मत अपुरे वाटू लागते. डब्ल्यू. जी. आर्चर यांनी 'इंडिया अँड मॉडर्न आर्ट' या १९५९ च्या ग्रंथात रवींद्रनाथांच्या चित्रांचे मर्म अबोध मनाच्या व्यापारात पाहिले. त्यांच्या या प्रतिपादनाला वजन आहे, आणि भारतीय चित्रकलेच्या आधुनिकतेची चर्चा करताना त्यांनी या चित्रांना जे मध्यवर्ती स्थान दिले त्याबद्दल कोणीही त्यांचा ऋणी राहील. पण अबोध मनाचा सिद्धान्त सुट्या चित्राला जितका सहज लागू पडतो तितका तो पानाला लागू पडत नाही. पानावर लेखणी फार सावध आहे. तिला कोणता शब्द ठेवावयाचा हे पक्के ठाऊक आहे. एकाही टिकलेल्या अक्षराला शाईचा धक्का लागू न देता ती त्याच्या भोवतीने फिरते. जिला इतके भान आहे त्या रेषेला झोपेत चाललेली कसे म्हणावे? मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथात लयीचे संवाद, विरोध आणि समतोल असे जे प्रकार कल्पिले, ते या पानांना लावून पाहण्यासारखे आहेत. काळ्या भरीव पट्ट्या आणि मोकळी अक्षरे यांत विरोध आहे. पट्ट्यापट्ट्यांत संवाद आहे. आणि आकृती पुरी झाल्यावर पानाला जो तोल येतो तो कवितेच्या अंतिम पाठासकट येतो. कविता काढून घेतली तर तो तोल कोसळेल.

संग्राहकाचे कर्म येथून अवघड होते. जवळ बाळगण्याची इच्छा ही स्वभावतः वेगळे करण्याची इच्छा असते. चित्र आवडले की त्याला चौकट हवी, आणि चौकट म्हणजे चार बाजूंनी घेतलेला निर्णय: हे आत, ते बाहेर. 'पूरबी'सारख्या पानावर हा निर्णय घेता येत नाही, आणि म्हणून अशी पाने बाजारात फारशी येतही नाहीत. ती मुख्यतः शांतिनिकेतनात, १९४२ मध्ये स्थापन झालेल्या रवींद्रभवनात, हस्तलिखिते म्हणून राहिली. हे एक प्रकारे भाग्यच. बाजारात आली ती त्यानंतरची सुटी चित्रे. १९२८ च्या सुमारास रवींद्रनाथ कवितेचा आधार सोडून कोऱ्या कागदावर नेमाने चित्रे काढू लागले. साधी लिहिण्याची शाई, पुढे रंगीत शाया, टाक, बोटे, चिंध्या, जे हाताशी येईल ते साधन. येथे माणूस मोकळा झाला. आता त्याला आडव्या ओळीशी झुंजावे लागत नव्हते. कागद उभा धरला की तो उभा राहत होता.

तरीही पानावरच्या कैदेच्या खुणा त्याच्या अंगावरून पुसल्या गेल्या नाहीत, आणि आरंभीच्या शाईचित्रांचे खरे वैशिष्ट्य या खुणांतच आहे. या काळातील स्त्रीची आकृती पाहावी: डोक्यावरून घेतलेल्या वस्त्राने खांदे, हात, कंबर सारे एकाच काळ्या वस्तुमानात गिळून टाकलेले असते, आणि त्या वस्तुमानाच्या वरच्या टोकाशी कागदच उघडा ठेवून चेहऱ्याचा लंबगोल सोडलेला असतो. म्हणजे चेहरा काढलेला नाही. तो खोडावयाचा राहिला आहे. सारे शरीर म्हणजे एक मोठी खाडाखोड, आणि मुख म्हणजे तिच्यातून वाचलेला एकुलता एक शब्द. टाकाच्या आडव्याउभ्या रेघांनी अंधार दाट करीत नेण्याची जी पद्धत पूर्वी मजकूर झाकण्यासाठी होती तीच आता वस्त्राची घडी, रात्रीचे आभाळ, पाठीमागची भिंत यांच्यासाठी वापरलेली दिसते. पाय क्वचितच दिसतात. हात दिसले तरी ते काही करीत नसतात. ही माणसे कोणत्याही प्रसंगात नाहीत. त्यांना नाव नाही, आणि चित्रांना नावे देण्याचे रवींद्रनाथांनी सामान्यतः टाळलेच. ज्या कवीने आयुष्यभर प्रत्येक भावाला नाव शोधले त्याने येथे नाव नाकारावे, याला अर्थ आहे. खोडलेल्या शब्दातून जन्मलेल्याला पुन्हा शब्दाच्या हवाली करण्याला त्यांचे मन धजत नसावे. पुढे 'विचित्रिता' (१९३३) आणि 'चित्रलिपि' (१९४०) यांत त्यांनी चित्रांसोबत कविता दिल्या खऱ्या. परंतु त्या शेजारी बसणाऱ्या कविता आहेत, चित्रावर मालकी सांगणाऱ्या नव्हेत.

या आकृतींना पॉल क्लेचे किंवा आदिम मुखवट्यांचे ऋण दाखविण्याची एक चाल आहे. रवींद्रनाथ १९२१ मध्ये वायमारला गेले होते. डिसेंबर १९२२ मध्ये कलकत्त्यात इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्टच्या प्रदर्शनात बाउहाउसच्या कलावंतांची, त्यांत क्ले आणि कांडिन्स्की यांचीही, चित्रे मांडली गेली होती. स्टेला क्रामरिश शांतिनिकेतनात पाश्चात्त्य कलेवर व्याख्याने देत होत्या. तेव्हा त्यांनी काही पाहिलेच नाही असा भाबडा दावा कोणी करू नये. आनंद कुमारस्वामींनी १९३० मध्ये अमेरिकन प्रेक्षकांपुढे ही चित्रे ठेवताना त्यांत भारतीय परंपरा किंवा गूढ प्रतीके धुंडाळू नका, असा इशारा दिला तो योग्यच होता. मात्र पाहिलेले हातात उतरण्यासाठी हाताजवळ स्वतःचे असे एखादे वळण लागते, आणि ते वळण या हाताला कवितेच्या वहीत मिळाले होते. प्रभावाचा विचार याहून लांबविण्यात फारसे हशील नाही.

सुट्या चित्रांच्या संग्रहाचा इतिहास मोठा विलक्षण आहे. १९३० च्या त्या एकाच वर्षात पॅरिसनंतर बर्मिंगहॅम, लंडन, बर्लिन, ड्रेस्डेन, म्यूनिक, कोपनहेगन, जिनिव्हा, मॉस्को, बोस्टन, न्यूयॉर्क अशी ही चित्रे हिंडली. बर्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयाला रवींद्रनाथांनी पाच चित्रे दिली. ती १९३७ मध्ये नाझी राजवटीने 'अधोगत' कलेत जमा करून तेथून काढून टाकली. एखाद्या हुकूमशाहीला शाईने काढलेल्या एका निनावी चेहऱ्याची अडचण व्हावी, हा त्या चेहऱ्याचा सन्मानच म्हणावा लागेल! इंग्लंडात डार्टिंग्टन हॉल येथे लेनर्ड एल्महर्स्ट यांच्याकडे गेलेली चित्रेही अशीच स्नेहातून गेलेली होती. एल्महर्स्ट हे श्रीनिकेतनच्या ग्रामकार्याचे आरंभीचे सूत्रधार, आणि १९२४ च्या त्या अर्जेंटिना-प्रवासात रवींद्रनाथांसोबत असलेले गृहस्थ. म्हणजे 'पूरबी'ची पाने भरत असताना ते शेजारी होते. डार्टिंग्टनच्या विश्वस्तांनी १५ जून २०१० रोजी लंडनच्या सदबीज या लिलावगृहात बारा चित्रे विकली, आणि त्यांना सुमारे १६ लाख पौंड आले. ही विक्री थांबवावी अशी मागणी भारतात झाली होती. ती फळली नाही. स्नेहाने दिलेली वस्तू दोन पिढ्यांनी मालमत्ता होते, यात विशेष काही नाही. पण ज्या घरात त्या प्रवासाची स्मृती होती तेथून चित्रे निघाल्यावर त्यांच्याभोवतीचे संदर्भ विरळ झाले, ही हानी पौंडांत मोजली जात नाही.

संदर्भ हा शब्द येथे अलंकार म्हणून वापरलेला नाही. आरंभीच्या सुट्या शाईचित्रांवर बहुधा तारीख नसते, पुष्कळदा सहीही नसते. मग 'आरंभीचे' हे कोणी आणि कशावरून ठरवावयाचे? 'पूरबी'च्या प्रवासातील कवितांखाली तारीख आणि ठिकाण दिलेले आहे. 'हारुना-मारु' बोट, 'आंदेस' बोट, ब्वेनोस आयरेस. पानावरच्या आकृतीला त्यामुळे आपोआप एक जन्मतिथी लाभते. तीही डोळे मिटून स्वीकारण्याजोगी नाही. कविता ज्या दिवशी लिहिली त्याच दिवशी ती खोडली आणि रंगविली असे मानण्याचे कारण नाही, आणि खोडण्याची शाई लिहिण्याच्या शाईहून निराळी असली तर दोन बैठकांचा संशय घ्यावाच लागतो. तरीही विचाराला काही आधार मिळतो. सुट्या चित्राला तो नसतो. त्याच्या बाबतीत कागदाची जात, शाईचा उतार, रेघांची घनता आणि ते कोणाच्या हातून कोणाकडे गेले याची अखंड साखळी, इतकीच साधने उरतात. आणि यांतील शेवटचे साधनच सर्वांत आधी गहाळ होते.

बनावट चित्रांचा सुळसुळाट होतो तो याच मोकळ्या जागेत. २०११ मध्ये कोलकात्यात एका प्रदर्शनात रवींद्रनाथांची म्हणून मांडलेली चित्रे तज्ज्ञांच्या तपासणीत खोटी ठरली आणि मोठी खळबळ उडाली. या घटनेतून एक धडा घेण्यासारखा होता, तो फारसा कोणी घेतलेला दिसत नाही. लांबट चेहरा, काळे वस्त्र, खिन्न डोळे हे साहित्य जमवून 'रवींद्रनाथ' तयार करणे कुशल नकलकाराला अशक्य नाही. परंतु एक बंगाली कविता तिच्या तीन पाठांतरांसह रचावी, त्यांतील नेमके दुबळे शब्द खोडावेत, आणि त्या खोडण्यातूनच आकृती उभी करावी, हे करावयाचे तर नकलकाराला आधी कवी व्हावे लागेल. शब्द हाच येथे चित्राचा साक्षीदार आहे. जो संग्राहक शब्दाला दूर सारतो तो आपला साक्षीदार गमावून बसतो.

आपल्या कायद्यानेही ही फाळणी नकळत पक्की केली आहे. १९७२ च्या पुरावशेष आणि कलानिधी अधिनियमानुसार वाङ्मयीन किंवा ऐतिहासिक मोलाचे हस्तलिखित पंचाहत्तर वर्षांचे झाले की 'पुरावशेष' ठरते. इतर वस्तूंना त्यासाठी शंभर वर्षे लागतात. रवींद्रनाथांची चित्रे मात्र वयाचा विचार न करता 'कलानिधी' म्हणून घोषित झालेली आहेत. दोहोंनाही खासगी रीतीने देशाबाहेर नेण्यास बंदी आहे, तेव्हा व्यवहारात फरक पडत नाही. पण 'पूरबी'चे १९२४ मधील पान १९९९ मध्ये हस्तलिखित या नात्याने पुरावशेष झाले आणि चित्र या नात्याने ते त्याआधीच निधी होते, ही कायद्याची भाषा वाचताना एक हसू येते. कागद एकच. त्याला दोन नावांनी दोनदा संरक्षण मिळाले, आणि दोन कपाटांत मात्र एकदाच ठेवता येते.

प्रकाशनांतही हीच वाटणी दिसते. २०११ मध्ये आर. शिवकुमार यांनी संपादित केलेली 'रवींद्र चित्रावली' चार खंडांत निघाली. इतक्या व्यापक प्रमाणावर ही चित्रे पूर्वी कधी वाचकांपुढे आली नव्हती. २०१३ मध्ये जादवपूर विद्यापीठाने 'विचित्रा' हा संगणकीय पाठभेदकोश सिद्ध केला. त्यात हस्तलिखितांची हजारो पाने जशीच्या तशी पाहावयास मिळतात आणि कवितेचा एक पाठ दुसऱ्याशी ताडून पाहता येतो. दोन्ही कामे आदर्श म्हणावीत इतकी परिश्रमाची आहेत आणि दोहोंचे प्रयोजन वेगळे असणे रास्तच आहे. परंतु एक चित्रकलेच्या अभ्यासकासाठी आहे, दुसरे पाठचिकित्सकासाठी. आणि खोडलेल्या ओळीतून उठणारी मनुष्याकृती या दोहोंच्या मधल्या उंबऱ्यावर बसलेली आहे. ती पाहणाऱ्याने दोन्ही उघडून शेजारी ठेवावीत, कोणता शब्द गेला म्हणून हा खांदा आला ते ताडून पाहावे. हे काम बंगाली जाणणाऱ्या समीक्षकाचे, आणि भाषांतरकाराचेही. मराठीत रवींद्रनाथांची कविता पुष्कळ आली, पण ती नेहमी अंतिम, निर्मळ पाठावरून आली. कवीने कोणता शब्द टाकला आणि टाकलेल्या शब्दाचे काय केले, हे ज्याला ठाऊक आहे त्या भाषांतरकाराचा शब्द निवडताना हात थोडा वेगळा चालेल.

इतर देशांनी हा प्रश्न कसा सोडविला हे पाहणे उद्बोधक आहे. पुश्किनच्या हस्तलिखितांच्या समासांत ओळखीच्या लोकांच्या मुखरेषा विखुरलेल्या आहेत. दस्तयेव्स्कीच्या टिपणवह्यांत कादंबरीच्या आराखड्याशेजारी चेहरे आणि गॉथिक कमानी आहेत. या दोघांच्या बाबतीत चित्र हे लिखाणाचे उपांग म्हणूनच राहिले आणि कोणी ते कापून वेगळे केले नाही. व्हिक्टर ह्यूगोचे उदाहरण अधिक जवळचे, कारण ह्यूगोही शाईच्या डागातून आकार काढीत असे आणि त्याची चित्रे हजारोंनी आहेत. त्याने १८८१ मध्ये आपल्या मृत्युपत्राला जोड देऊन आपली सर्व हस्तलिखिते, आणि आपण लिहिलेले किंवा रेखाटलेले जे काही सापडेल ते सर्व, पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला देऊ केले. लिहिलेले आणि रेखाटलेले, दोन्ही एकाच दमात, आणि तेही चित्रसंग्रहालयाला नव्हे, ग्रंथालयाला. वारसदारांपुढे आणि अधिकाऱ्यांपुढे वाद घालण्यास त्याने जागाच ठेवली नाही. रवींद्रनाथांनी आपल्यामागे अशी स्पष्ट वाक्यरचना ठेवलेली नाही. त्यांच्या चित्रांचा मोठा भाग शांतिनिकेतनात एकत्र राहिला तो संस्थेच्या ममत्वामुळे.

त्या ममत्वालाही मर्यादा आहेत. मार्च २००४ मध्ये शांतिनिकेतनातील संग्रहालयातून रवींद्रनाथांचे नोबेल पदक चोरीस गेले तेव्हा सारा देश हळहळला. नोबेल प्रतिष्ठानने पुढे पदकाच्या प्रतिकृती दिल्या. सोन्याच्या चकतीची प्रतिकृती होऊ शकते, कारण ती मुळातच साच्यातून आलेली असते. शाईचे पान चोरीला न जाताही नाहीसे होऊ शकते, आणि त्याची हळहळ कोणाला ऐकू येत नाही. रंगीत शाया प्रकाशात उडतात. लोहयुक्त काळी शाई जेथे दाट भरलेली असते तेथे कागदच खाते. म्हणजे ज्या जागी खाडाखोड सर्वांत घट्ट, ज्या जागी आकृतीचे शरीर सर्वांत भरीव, नेमकी तीच जागा आधी जीर्ण होण्याचा संभव असतो. कागदावरील चित्रांसाठी सुमारे पन्नास लक्स इतकाच मंद उजेड ठेवण्याचा जो दंडक संग्रहालये पाळतात तो यासाठीच. प्रदर्शनात डोळे ताणावे लागतात म्हणून कुरकुरणाऱ्या प्रेक्षकाने हे ध्यानात घ्यावे.

खासगी संग्राहकाच्या वाट्याला आज आरंभीचे असे काही येण्याचा संभव आहे तो बहुधा एखाद्या जुन्या स्वाक्षरीवहीतून. चीन आणि जपानच्या प्रवासात पंख्यांवर, रुमालांवर, वह्यांत दोन ओळी लिहून देण्याची जी विनंती रवींद्रनाथांना पदोपदी होई तिच्यातून 'लेखन' (१९२७) हे हस्ताक्षरातील पुस्तक जन्मले. अशा वह्या अनेक घरांत गेल्या. त्यांतील एखाद्या पानावर दोन ओळी असतील, एक शब्द बदललेला असेल, आणि त्या बदललेल्या शब्दाला बोटभर उंचीचे अंग फुटलेले असेल. विक्रेता सांगेल की ओळी पुसट आहेत, पान कापून आकृतीपुरते बसविले तर चौकट अधिक देखणी दिसेल. ते ऐकू नये. पान वहीतून सोडवूही नये. आधीच्या आणि नंतरच्या पानांवर कोणाच्या स्वाक्षऱ्या, कोणत्या गावी, कोणत्या दिवशी घेतल्या आहेत ते उतरून घ्यावे, खोडलेला शब्द उजेडासमोर धरून वाचता येतो का ते पाहावे, आणि वाचता आला तर सूचीत चित्राच्या वर्णनाआधी तो शब्द लिहावा.